ईद होऊन गेली, तरी मांजर सहरीला उठवतेय? आधी तिचं ओरडणं समजून घ्या

रमजान संपला, ईद झाली, शीरखुर्म्याची मोठी पातेली पुन्हा माळ्यावर गेली. घरातली माणसं परत फजरच्या अजानपर्यंत झोपायला लागली. पण मांजर? ती पहाटे बरोबर चार वाजता पलंगाशेजारी येऊन बसते आणि सुरू करते, म्याव, म्याव, म्याव. पाय आपटला तरी ऐकत नाही. दार लावून घेतलं तर दाराबाहेर बसून ओरडते, वर दार ओरबाडते. शेवटी कुणीतरी वैतागून उठतं, तिच्या वाटीत दोन तुकडे टाकतं, घर शांत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता तेच.

दरवर्षी ईदनंतर ही तक्रार आमच्या कानावर येते. आमच्या घरातही हे झालेलं आहे, त्यामुळे हसण्यावारी न्यावं असं आम्हाला वाटत नाही. घरात म्हातारी माणसं असतात, दहावी-बारावीची मुलं असतात, फ्लॅटच्या भिंती पातळ असतात आणि शेजारी सकाळी जिन्यात गाठून बोलतात. काळजी वाटते ती तक्रारीच्या शेवटी हल्ली हमखास येणाऱ्या वाक्याची: "आता हिला पिशवीत घालून मच्छी मार्केटला सोडून येतो."

सोडून येण्याआधी ती काय सांगतेय, ते एकदा बघूया. बहुतेक घरांत उत्तर सापडतं आणि ते फार अवघडही नसतं.

म्याव ही भाषा माणसांसाठीच

मोठ्या झालेल्या मांजरी एकमेकींशी फारशा म्याव करत नाहीत. त्यांचं आपसातलं बोलणं वासाने, शेपटीने, कानांनी चालतं. भांडताना गुरगुरणं आणि फिसकारणं असतं, जोडीदार शोधताना लांबलचक हाका असतात. साधं 'म्याव' पिल्लू आईला करतं, दूध पाहिजे म्हणून किंवा थंडी वाजते म्हणून. रानात पिल्लू मोठं झालं की ही सवय मागे पडते. घरात ती टिकते, कारण इथे तिचा उपयोग होतो. माणूस शेपटीची भाषा समजत नाही, आवाजाला मात्र लगेच उठतो, हे मांजर फार लवकर शिकते.

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खाणं मागताना काही मांजरी आपल्या नेहमीच्या घुरघुरीत एक बारीक, उंच सूर मिसळतात आणि त्या सुराचं तान्ह्या बाळाच्या रडण्याशी साम्य असतं, असं त्यांना आढळलं. ऐकणाऱ्यांना ती घुरघुर जास्त घाईची आणि कमी सुखाची वाटली, ज्यांनी कधी मांजर पाळली नव्हती त्यांनाही. तेव्हा पहाटे चार वाजता सगळ्यात आधी अम्मीलाच का जाग येते, याचा थोडा उलगडा इथे होतो.

आता रमजानमध्ये घरात काय होतं ते मांजरीच्या नजरेतून बघा. मांजर मुळातच पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागी असणारं जनावर, तीच तिची शिकारीची वेळ. एरवी त्या वेळी घर अंधारात असतं. अचानक एके दिवशी त्याच वेळी दिवे लागतात, तवा चढतो, अंड्याचा आणि खिम्याचा वास सुटतो, सगळं कुटुंब दस्तरखानावर बसतं आणि मुलं हळूच खाली तुकडे टाकतात. हे एकोणतीस-तीस दिवस रोज. तिला चाँदरात कळत नाही. तिच्या हिशेबाने हा घराचा नवा कायदा आहे, आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी लोक तो मोडतायत म्हणून ती आठवण करून देते.

म्हणजे हे ओरडणं आपणच शिकवलेलं असतं. शिकवलेलं विसरायलाही लावता येतं. पण त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी, कारण प्रत्येक ओरडणं सवयीचं नसतं.

आजाराचं ओरडणं वेगळं असतं

घरात बोका असेल तर हा भाग नीट वाचा. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, लघवी होत नाही किंवा थेंबथेंबच होते, लघवीची जागा सारखी चाटतोय, असं दिसलं तर त्याचा लघवीचा मार्ग बंद झालेला असू शकतो. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकून ती तुंबते. घरचे लोक बऱ्याचदा याला बद्धकोष्ठ समजतात आणि 'उद्या बघू' म्हणतात. यात उद्या नसतो. मार्ग पूर्ण बंद असेल तर एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकतं. उलट्या सुरू झाल्या, पोट कडक लागलं, बोका सुस्त पडला, तर रात्र असो वा शुक्रवारची नमाज, तसंच उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

म्हातारी मांजर रात्री उगाच ओरडायला लागली, तर तिच्याकडेही लक्ष द्या. दहा वर्षांच्या पुढच्या मांजरींमध्ये थायरॉइड वाढण्याचा आजार होतो. मांजर अधाशासारखी खाते, तरी वाळत जाते, एका जागी बसत नाही आणि रात्री मोठ्याने ओरडते. किडनी कमजोर झाली की पाणी जास्त पिते, लघवी जास्त होते. रक्तदाब वाढल्यानेही मांजरी ओरडतात, आणि त्याच रक्तदाबाने कधी कधी दृष्टीही जाते. ऐकू कमी आलं की आवाज मोठा होतो, जसा आपल्या दादा-दादींचा होतो. काही म्हाताऱ्या मांजरींचं डोकं नीट चालेनासं होतं, त्या मधल्या खोलीत उभ्या राहून हाका मारतात, जणू घर विसरल्यात. अशा मांजरीला रागावून उपयोग नाही. रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा, पाणी आणि ट्रे तिच्या झोपण्याच्या जागेजवळ आणा, आणि रक्ताची तपासणी करून घ्या. यातल्या बऱ्याच आजारांवर औषध आहे.

ढोबळ खूण एवढीच की जी मांजर आधी शांत होती आणि अचानक ओरडायला लागली, किंवा जिच्या आवाजाचा सूर बदलला, खाणं-पिणं-लघवी बदलली, ती आधी डॉक्टरला दाखवायची. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या लोकांना माहीत आहे. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे गाई-म्हशी जास्त येतात म्हणून मांजर न्यायला लाजू नका.

आणि घरातली गोळी देऊ नका. विशेषतः पॅरासिटामॉल. माणसाला तापात दिली जाणारी ही साधी गोळी मांजरीसाठी विष आहे, एकाच गोळीने मांजर मरू शकते. लहान मुलांचं सरबतासारखं औषधही तेच असतं.

माजावर आलेली मांजर, आणि नसबंदीचा प्रश्न

तरुण मांजरीच्या ओरडण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि आपल्या घरांत याबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. ती जमिनीवर लोळते, अंग घासते, मागचा भाग वर करते आणि लांब, जीव काढल्यासारखा गळा काढते. नवख्या माणसाला वाटतं तिच्या पोटात दुखतंय. हे साधारण आठवडाभर चालतं. बोका भेटला नाही तर थोड्याच आठवड्यांत पुन्हा सुरू होतं, आणि आपल्या हवेत वर्षातला बराच काळ हे चक्र चालू राहतं. तिचा आवाज आणि वास मोहल्ल्यातल्या बोक्यांपर्यंत जातो, मग ते खिडकीखाली येऊन ओरडतात, भिंतींवर फवारे मारतात. त्या वासाने नमाजची जागा पाक ठेवणं हा घरातल्या बाईचा रोजचा उद्योग होऊन बसतो.

बाहेर सोडली तर साधारण दोन महिन्यांनी चार-पाच पिल्लं. त्यांना ठेवून घेणारं कुणी सापडत नाही. मग तीच पिशवी, तेच मच्छी मार्केट.

डॉक्टर सांगतात नसबंदी करा. ओरडणं थांबतं, पिल्लं होत नाहीत, आणि लवकर केलेल्या ऑपरेशनने मांजरीला स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका खूप कमी होतो. इथे घरात प्रश्न येतो, हे जायज आहे का? अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ तर नाही?

प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर सगळ्यांसाठी एकसारखं नाही. मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्रातली बहुतेक घरं हनफी आहेत. हनफी फिकहमध्ये फायदा असेल किंवा त्रास टळणार असेल तर जनावराच्या खच्चीकरणाला हरकत घेतलेली नाही. औरंगजेबाच्या काळात तयार झालेल्या 'फतावा आलमगिरी'त तर मांजरीचा वेगळा उल्लेख करून हीच अट सांगितली आहे. कारण नसताना केलं तर मात्र ते चुकीचं. कोकणातली आमची भावंडं, रायगड-रत्नागिरीची, शाफई आहेत. शाफई मजहबमध्ये इमाम नववी यांनी, ज्या जनावराचं मांस खाल्लं जात नाही त्याचं खच्चीकरण नाजायज म्हटलं आहे. आजच्या काळातल्या अनेक आलिमांनी गरज आणि त्रास बघून सवलत दिली आहे. सौदीचे मरहूम शेख इब्न उसैमीन यांचं म्हणणं असं होतं की मांजरी फार झाल्या, त्रास होऊ लागला आणि ऑपरेशनने त्यांना इजा होत नसेल तर हरकत नाही, जन्मलेल्यांना मारण्यापेक्षा हे बरं.

आम्ही फतवा देणारे नाही. आपल्या मजहबच्या आलिमांना विचारा. पण विचारताना पूर्ण परिस्थिती सांगा. "मांजरीचं ऑपरेशन करू का?" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच येईल. पिल्लांचं काय होतं, बोके काय करतात, ऑपरेशन भूल देऊन होतं आणि काही दिवसांत मांजर पूर्ववत होते, हेही सांगा. आमचं स्वतःचं मत विचाराल, तर दर दोन-तीन महिन्यांनी पिल्लं रस्त्यावर टाकणाऱ्या घराने या प्रश्नावर कानाडोळा करू नये.

सहरीची सवय कशी मोडायची

तब्येत ठीक आहे, माजाचा प्रश्न नाही, तरी चार वाजता गजर होतोच. आता सवयीकडे येऊ.

पहिलं काम रात्रीचं. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं तिच्याशी खेळा. दोरीच्या टोकाला कापडाची चिंधी बांधली तरी पुरे, महागड्या खेळण्याची गरज नाही. तिला पळू द्या, झडप घालू द्या, शेवटी पकडू द्या. त्यानंतर लगेच दिवसातलं सगळ्यात भरपेट खाणं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा मांजरीचा स्वाभाविक क्रम आहे. इशाच्या नमाजनंतर हे केलं तर तिची गाढ झोप आपल्या झोपेच्या वेळेला येते. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये झोपा काढलेली मांजर रात्री जागणारच, म्हणून दिवसाही तिला काहीतरी उद्योग पाहिजे. खिडकीशी बसायला जागा करा (जाळी असेल तरच, मांजरी वरच्या मजल्यांवरून पडतात), रिकामा पुठ्ठ्याचा खोका द्या, कोरडं खाणं दोन-चार ठिकाणी लपवून ठेवा.

दुसरं काम पहाटेचं, आणि ते अवघड आहे. ती ओरडली की उठायचं नाही. बघायचं नाही, "गप बस गं" म्हणायचं नाही, उशी फेकायची नाही. तिच्या दृष्टीने शिवी हेसुद्धा उत्तरच आहे. सकाळचं खाणं तुम्ही उठल्या उठल्या देऊ नका, नाहीतर तुमचं उठणं म्हणजे वाटी भरणं असं समीकरण बसतं. फजर पढा, चहा टाका, मग वाटी भरा, आणि तीही ती गप्प असताना.

पहिल्या काही दिवसांत ओरडणं कमी होत नाही, वाढतं. इथेच बहुतेक घरं हरतात. आधी दहा मिनिटांनी मिळत होतं, आता मिळत नाही, म्हणजे आणखी जोर लावायला हवा, असा तिचा साधा हिशेब असतो. पाचव्या दिवशी तुम्ही कंटाळून वाटी भरली, तर तिने शिकलं काय? पाऊण तास ओरडलं की मिळतं. मग ती रोज पाऊण तास ओरडते. 'कधीकधी' देणं हे रोज देण्यापेक्षा वाईट.

आमच्या घरात अठरा दिवस लागले. सातव्या दिवशी आवाज सगळ्यात जास्त होता. बाराव्या दिवशी घरातल्याच एकाने उठून तिला चोरून बोंबील दिल्याचं नंतर उघड झालं आणि तीन दिवस मागे गेलो. त्यामुळे सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दादीला आणि छोट्यांना, एका मताचं करून घ्या. शेजाऱ्यांनाही आधी सांगितलं तर ते दोन आठवडे सोसतात.

जमत नसेल तर एक मधला मार्ग आहे. ठरलेल्या वेळी आपोआप उघडणारे खाण्याचे डबे ऑनलाइन मिळतात. सुरुवातीला चार वाजताच उघडू द्या, मग दर दोन दिवसांनी दहा मिनिटं पुढे सरकवा. मांजर डब्याकडे बघून ओरडायला शिकते, तुमच्याकडे नाही. डब्याला झोप नसते.

बाकीची कारणं पटकन बघून घ्या: ट्रे घाण आहे, पाणी संपलंय, घर बदललंय, घरात बाळ किंवा पाहुणे आलेत, सोबतची मांजर गेलीय. नव्या घरात आणल्यावर पहिले काही दिवस एकाच खोलीत, तिच्या जुन्या चादरीसह ठेवली तर ती लवकर शांत होते. दूध देऊन गप्प करायची पद्धत आपल्याकडे फार आहे, पण बऱ्याच मोठ्या मांजरींना दूध पचत नाही, जुलाब होतात. सालनातला तुकडाही नको, कांदा-लसूण मांजरींना बाधतो.

हे करू नका

मारू नका, तोंडावर पाणी उडवू नका. भीतीने मांजर गप्प होत नाही, लपते आणि पलंगाखाली लघवी करते. बाथरूममध्ये कोंडून ठेवू नका. कोंडण्याबद्दलची हदीस आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे: एका बाईने मांजरीला बांधून ठेवलं, खाऊ घातलं नाही आणि स्वतः शोधून खायलाही सोडलं नाही, आणि त्यापायी ती अजाबची हकदार ठरली. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. घरात वाढलेल्या मांजरीला अनोळखी बाजारात सोडणं याच्या फार जवळ जातं, असं आम्हाला वाटतं. तिला शिकार येत नाही, तिथले बोके तिला टिकू देत नाहीत. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. खरोखर ठेवणं शक्य नसेल, तर ओळखीत दुसरं घर शोधा आणि तिची सवय, तिचं खाणं त्यांना सांगून द्या.

अजून एक. मांजर रात्री रडली की घरात मयत होते, तिला जिन्न दिसतात, असं बोललं जातं. लोक ज्या हदीसचा हवाला देतात ती कोंबडा आणि गाढव यांच्या आवाजाबद्दल आहे. अपशकुन मानायला दीनने मनाई केली आहे. उलट मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे, असं प्रेषित (स.) यांनी सांगितल्याचं हजरत अबू कतादा (रजि.) यांनी सांगितलं. वुजूच्या पाण्याकडे मांजर आली, तेव्हा त्यांनी तिला पिता यावं म्हणून भांडं तिरपं केलं होतं. अबू दाऊद आणि तिरमिजीमध्ये ही रिवायत आहे.

पुढच्या रमजानची तयारी मात्र पहिल्याच सहरीला करा. मांजरीची वाटी सहरीच्या दस्तरखानावर नव्हे, फजरनंतर भरा, महिनाभर, एकही दिवस न चुकवता. तिची नेहमीची वेळ बदलू नका, इफ्तारच्या वेळी भज्यांचे तुकडे टाकू नका. आणि मुलांच्या हातांकडे लक्ष ठेवा, तुकडे तिथूनच पडतात.